परक्या दांडीची गाडी

माझे सासरे माझ्याशी बोलायचे नाहीत, गाडीशी बोलायचे. सांगायचं असायचं मलाच, पण तोंड असायचं गाडीकडे. मी ओसरीवर तांदूळ निवडत बसलेली असले की हे बॉनेटवर थाप मारून म्हणायचे, "घरात म्हणावं, चहा टाका. साखर बेताची." आता गाडी काही चूल पेटवणार नव्हती. मी गुपचूप उठायचे. चहा आणून मडगार्डवर ठेवला की शाबासकी पुन्हा गाडीलाच, "हां, बराबर झालाय." लग्न होऊन आले तेव्हा पहिले काही दिवस मला वाटलं, या माणसाचं डोकं ठिकाणावर नाही.

डोकं ठिकाणावर होतं, रीतच तशी होती. सत्तरच्या दशकाची सुरुवात, बदनापूरसारखं गाव. सासऱ्याने सुनेशी समोरासमोर बोलू नये, तिच्याकडे तोंड करून बसू नये, ओसरीवर पाय ठेवण्याआधी खाकरावं. माझं माहेर औरंगाबादचं. आमच्याकडे असलं काही नव्हतं, आणि मी जात्याच तोंडाळ. त्यात माझा नवरा वाटूरच्या शाळेत मास्तर, तिथेच खोली घेऊन राहायचा आणि शनिवारी संध्याकाळी घरी यायचा. म्हणजे आठवडाभर मी, सासूबाई, सासरे आणि ती गाडी.

सासऱ्यांचं नाव किसनराव. मी त्यांना मामा म्हणायचे. गाव त्यांना 'मेजर' म्हणायचं आणि ते दर वेळी माणसाला थांबवून दुरुस्ती करायचे, "मेजर न्हाई. हवालदार. जे हाय ते बोला." पलटणीच्या वर्कशॉपात गाड्या दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेली होती. उंच, ताठ, पांढऱ्या मिशीचे. हाताचे पंजे असे रुंद की आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणायच्या, "ह्यांच्या एका हातावर माझी अख्खी भाकर मावती." रविवारी सकाळी कडक पांढरा सदरा घालून विहारात वंदनेला जायचे आणि तिथून आले की तोच माणूस ग्रीसच्या बनियनवर गाडीखाली. दोन्हीकडे सारखेच गंभीर.

गाडी म्हणजे दोनच माणसांची, उघड्या टपाची, गडद हिरवी विलायती स्पोर्ट गाडी. मूळची जवळच्याच एका जहागीरदाराची. जहागीर गेली, वारस शहरात गेले, गाडी फाटकाआड सडत पडली. कोंबड्या तिच्यात अंडी घालायच्या. त्याच फाटकासमोरून मामा लहानपणी वडिलांबरोबर जायचे ते पायातलं काढून हातात धरून. वारसांनी गाडी भंगारात काढली तेव्हा मामांनी ती उचलली, आणि नेली तीही त्याच फाटकातून. पुढे बैलजोडी जुंपलेली आणि स्टिअरिंगवर स्वतः मामा, अंगात पलटणीचा कोट. ही गोष्ट त्यांनी मला कधी सांगितली नाही. आत्याबाई सांगायच्या, आणि शेवटी न चुकता म्हणायच्या, "बुटाला पालिश बी केल्तं."

गाडीचं सगळं जमलं, पण गियरची मूळ दांडी गेलेली होती. तसली मिळणं शक्य नव्हतं. मग औरंगाबादच्या भंगार बाजारातून मामांनी दुसरीच दांडी आणली. आखूड, काळ्या मुठीची, कुठल्या तरी बाहेरच्या कारखान्यात भलत्याच गाडीसाठी बनलेली. आमच्या गियरबॉक्सशी तिचं जुळवायला मामांनी दोन लोखंडी सळ्या स्वतः घडवल्या. जुळलं, पण मनापासून जुळलं नाही. आठवडाभराच्या खडखडाटात सळ्या केसभर इकडेतिकडे सरकायच्या आणि मग पहिला टाकायला जावं तर दांडी रिव्हर्सकडे ओढ घ्यायची. मामा कधी चिडले नाहीत. म्हणायचे, "परकी हाय ती. ढकलून चालत न्हाई. तिला इचारायचं, येऊ का? तिनं हो म्हणलं की जायचं."

एकदा माझ्या हातून भाकरी करपल्या. बाजरीच्या भाकरीची मला सवय नव्हती. आत्याबाई दोन शब्द जास्तच बोलल्या आणि मी परसात जाऊन डोळे पुसत बसले. तर गाडीपाशी मामांचा आवाज. "बाहेरून आल्येल्याला टाइम लागतो. घरच्यांनीच थोडं सैल, थोडं घट्ट करून घ्यावं. जल्दी कामाची न्हाई." आता हे दांडीला होतं, आत्याबाईंना होतं की मला होतं, देव जाणे. पण त्या दिवशी जेवताना आत्याबाईंनी माझ्या ताटात लोण्याचा गोळा टाकला.

दर रविवारी वंदनेहून आले की मामा दांडी जुळवायचे. ते काम सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. दांडीच्या बुडाशी दोन पोलादी पाती शेजारी शेजारी असायची. प्रत्येकात एक भोक. दांडी न्यूट्रलमध्ये असताना ती दोन्ही भोकं एका रेषेत यायला हवीत. आली की त्यातून एक पिन आरपार सरकते, अगदी लोण्यात सुरी जावी तशी. अडकली तर सळी लांब-आखूड करायची, नट आवळायचा, पुन्हा पिन घालून बघायची. पिन सहज गेली की झालं. मग पिन काढायची आणि दांडी चारही गियरमध्ये फिरवून बघायची.

अडचण एवढीच की ती पाती होती बोगद्यासारख्या एका अरुंद खाचेत, डाव्या सीटच्या पायाशी. मामांचा पंजा तिथे जायचाच नाही. आत्याबाईंना एकदा विचारलं, तर त्या म्हणाल्या, "मी मेल्यावर बी तिथं हात घालणार न्हाई." माझ्या नवऱ्याला ग्रीसची किळस. तो शनिवारी यायचा आणि रविवारी दहाच्या आत काहीतरी निमित्त काढून स्टेशनवर चहा प्यायला जायचा. राहिले मी. मामा गाडीला म्हणाले, "घरात कुणाचा हात बारीक आसल तर बघ म्हणावं." मी पदर खोचला आणि गेले.

मला ते काम फार आवडायचं. डाव्या दारातून वाकायचं, खाचेत हात घालायचा, न बघता बोटांनी भोकं शोधायची. मी औरंगाबादेत इंग्रजी टायपिंग शिकले होते, बोटांना न बघता काम करायची सवय होतीच. मामा उजव्या सीटवर दांडी धरून बसायचे. आता सून शेजारी वाकलेली, म्हणजे तिकडे बघायचं नाही. मामा मान पार उलट्या बाजूला वळवून अंगणातल्या कडुलिंबाकडे बघत बसायचे. बोलायचंही नाही. म्हणून आमची खूण ठरली होती. पिन बसली की मी पान्याने तळाच्या पत्र्यावर एक ठोका द्यायचा. पिन आणि हात दोन्ही बाहेर आले की दोन ठोके. दोन ठोके ऐकू आले की मामा दांडी फिरवणार. कुणी ठरवली, कशी ठरली, आठवत नाही. न बोलता ठरली. एखाद्या रविवारी पिन पहिल्याच दमात जायची आणि कडुलिंबाकडे बघत मामा म्हणायचे, "शाब्बास." तेवढ्यावर माझा आठवडा जायचा.

त्या रविवारीही पिन सहज गेली. मी एक ठोका दिला. पिन काढली, आणि काढता काढता ती बोटांतून निसटून खाचेत पडली. ती चाचपायला मी हात पुन्हा खाली घातला. आदल्या दिवशीच कासार आला होता आणि आत्याबाईंनी हौसेने माझ्या हातात डझनावारी हिरव्या बांगड्या भरल्या होत्या. एरवी मी कामाच्या वेळी बांगड्या वर सारून फडक्याने बांधायचे. त्या दिवशी विसरले. हात खाली जाताना बांगड्या पत्र्यावर आपटल्या. टण्, टण्.

मामांनी दांडी पहिल्यात टाकली.

पुढचं लांबवत नाही. ती दोन पाती कात्रीसारखी फिरली. उजव्या हाताचं, अंगठ्याजवळचं बोट. शेतकी केंद्राच्या जीपमधून मला जालन्याच्या दवाखान्यात नेलं आणि डॉक्टरांनी वरचं पेर काढून टाकलं. मामा मागे माझ्याशेजारी बसले होते. रस्ताभर त्यांनी माझा तो हात स्वतःच्या पंजात वर धरून ठेवला होता. रीतभात सगळी त्या दिवशी बदनापुरात राहिली. मला दुखण्यापेक्षा त्याचंच नवल वाटत होतं.

घरी आले आणि बघते तर काय, घरभर अपराधी. आत्याबाई म्हणत, "मीच मेलीनं बांगड्या भरल्या." नवरा म्हणे, "मी घरी असतो तर तुला हात घालावाच लागला नसता," आणि हे म्हणत स्टेशनवर चहाला जायचा मात्र थांबला नाही. घरात माणसं चार, त्यात गुन्हेगार तीन, आणि मी एकटी न्यायाधीश. बोट माझं गेलेलं, आणि समजूत मीच सगळ्यांची काढायची! दुखणाऱ्या हाताने पाणी प्यायला गेले तरी तिघं धावायचे आणि तिघांची टक्कर व्हायची.

बाकी दोघं महिन्याभरात माणसांत आले. मामा आले नाहीत.

टाके निघायच्या आतच त्यांनी एक नवी पिन केली होती. तिला हातभर लांब वाकडी सळई जोडली आणि टोकाला लाकडी मूठ. ती पिन खाचेबाहेर उभं राहून आत सरकवता यायची. हात आत घालायची गरजच नाही. एका दुपारचं काम. करून बघितली, पहिल्याच दमात बसली. मी ओसरीवरून बघत होते. मामा मूठ धरून तसेच खाली बसले, मातीत. बराच वेळ उठले नाहीत. आत्याबाई पाणी घेऊन गेल्या तर त्यांना म्हणाले, "एवढंसं काम व्हतं, ग. एवढंसं. पोरीचा हात फुकटात मिळून राह्यलाता, म्हणून केलं न्हाई मी."

दुसऱ्या दिवशी त्यांनी दांडीच उपसून काढली, फडक्यात गुंडाळली आणि माळ्यावर टाकली. गाडीवर ताडपत्री चढली. आणि मामा माझी भांडी घासायला लागले.

हसू नका. त्या काळात सासऱ्याने सुनेची खरकटी भांडी घासणं म्हणजे काय, हे मी आज कुणाला पटवून देऊ शकत नाही. पहाटे उठून राखेने लख्ख घासायचे. पाणी भरायचे. मी ओसरीवर आले की उठून उभे राहायचे, पलटणीत साहेबासमोर राहावं तसे. मटण झालं की नळी माझ्या ताटात. गावात बभ्रा झाला, "हवालदार सुनंचा गडी झाला." त्यांना त्याचं काही नव्हतं. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. विहारात वंदनेला त्यांचा खणखणीत आवाज सगळ्यांच्या वर असायचा. आता पंचशील सुरू झालं की जिवाला इजा न करण्याचं पहिलं शील यायचं आणि मामा गप्प व्हायचे. दुसऱ्यापासून पुन्हा म्हणायचे, पण हळू.

मी सांगितलं नाही असं नाही. रीत गुंडाळून ठेवली आणि समोर उभी राहून सांगितलं, "मामा, तुमची चूक नाही. मीच बांगड्या बांधायला विसरले." ते मान हलवायचे. पुन्हा सांगितलं. नवऱ्याने सांगितलं, आत्याबाईंनी सांगितलं, विहारातल्या वडीलधाऱ्यांनी घरी येऊन सांगितलं, "हवालदार, हे नशिबात व्हतं, तुमचा काय दोष?" प्रत्येक वेळी मामा हात जोडायचे आणि आणखी वाकायचे. जेवण निम्म्यावर आलं. सदरा खांद्यावर लोंबायला लागला. एकदा आत्याबाई चुलीपाशी मला म्हणाल्या, "सुमन, तुजं बोट गेलं ते गेलं. पर हा माणूस असाच वाळून जायचा. काय तरी कर, बाई." त्या घरात मला नावाने हाक मारणाऱ्या त्या एकट्याच.

करायचं काय? मी ठरवलं, आधी आपण सरळ उभं राहून दाखवू. पॅसेंजरने जालन्याला जाऊन पुन्हा टायपिंगचा क्लास धरला. गेलेल्या बोटाची अक्षरं मधल्या बोटाला शिकवली. क्लासचे मास्तर म्हणाले, "बाई, कठीण आहे." मी म्हटलं, "मग तुम्ही फी परत द्या." त्यांनी मशीन माझ्यापुढे सरकवलं. परीक्षा झाली, पास झाले, आणि तिथल्या नवीन जालना भागात एका बियाण्यांच्या ऑफिसात टायपिस्टची जागा मिळाली. मला वाटलं, आता तरी मामांच्या मनावरचा दगड उतरेल. पेढे दिले. त्यांनी पेढा घेतला, माझ्या आखूड बोटाकडे बघितलं आणि पेढा तसाच आत्याबाईंच्या हातात दिला.

मग मात्र माझं डोकं फिरलं. रविवार होता. मी शिडी लावून माळ्यावरची दांडी काढली, ताडपत्री ओढून फेकली आणि बॉनेटवर थाप मारून मोठ्याने गाडीला म्हणाले, "हवालदारांना म्हणावं, ही दांडी गंजून राहिली आहे. पलटणीत असं चालायचं का? साहेबाने काय शिक्षा दिली असती?" ओसरीवर मामा भांडी पुसत होते. आत्याबाईंनी तोंडाला पदर लावला. मामा भांडी पुसतच राहिले. पण सोमवारी सकाळी बघते तर दांडी जाग्यावर, ग्रीस भरलेली. पुढे दर रविवारी ते नव्या पिनेने दांडी जुळवायचे, इंजिन सुरू करायचे, थोडं ऐकायचे आणि बंद करायचे. गाडी अंगणाबाहेर मात्र गेली नाही. अपघाताला तोवर वर्ष होत आलं होतं.

नोकरीचा पहिला दिवस उजाडला. मी नवी सुती साडी नेसून स्टेशनवर गेले तर पॅसेंजरचा पत्ता नाही. पुढे कुठे तरी मालगाडी अडकली होती. एसटी निघून गेलेली. मी धावत घरी आले, रडकुंडीला. आत्याबाईंनी मामांकडे नुसतं बघितलं. मामा आत गेले आणि पलटणीचा कोट घालून बाहेर आले.

सुनेला शेजारी बसवून हवालदार गावातून निघाले. लोक दुकानांतून बाहेर येऊन बघत होते. माझं तिकडे लक्ष नव्हतं, कारण मी मामांच्या दांडीवरच्या डाव्या हाताकडे बघत होते. त्यांनी आधी माझे दोन्ही हात कुठे आहेत ते बघितलं. पहिला टाकला. पुन्हा माझे हात बघितले. दुसरा टाकला. आणि हात जो उचलला तो स्टिअरिंगवर ठेवला, दांडीला पुन्हा लावलाच नाही.

जालन्याचा रस्ता, मोकळा, सपाट, आणि आमची स्पोर्ट गाडी दुसऱ्या गियरमध्ये कोकलत चाललेली. कापसाच्या गाड्या बाजारात निघाल्या होत्या. त्यांना आम्ही कसंबसं मागे टाकलं. दुधाचे कॅन लावलेला एक सायकलवाला मात्र आमच्या बरोबरीने येऊन, आम्हाला ओलांडून पुढे गेला आणि वळून हसला. इंजिन तापल्याचा वास यायला लागला.

"मामा, तिसरा टाका."

"तुजा हात कुठं हाय?"

"हा बघा." मी दोन्ही हात वर केले. ते दांडीकडे हात न्यायचे आणि परत आणायचे. मी दोन्ही हात डोक्यावर ठेवून बसले, शाळेत शिक्षा झाल्यासारखी. तरी नाही. ऑफिस उघडायची वेळ होत आली होती. वर्षभर मेहनत करून मिळवलेली नोकरी पहिल्याच दिवशी उशिराने सुरू होणार, आणि तीही या दुसऱ्या गियरपायी! माझा तोल गेला.

"तुमची चूक नाही म्हणून किती वेळा सांगू मामा तुम्हाला?" मी ओरडले. "किती वेळा?" आणि मग जे तोंडातून निघालं ते माझ्याही ध्यानीमनी नव्हतं. "बरं, होती! होती तुमची चूक! हात आत असताना तुम्ही कडुलिंबाकडे बघत बसलात. ती लांब पिन तुम्हाला आधीच करता आली असती, केली नाहीत. माझं बोट गेलं. तुमच्यामुळे गेलं!"

मामांनी ब्रेक लावला. गाडी रस्त्याच्या कडेला आचके देत थांबली आणि इंजिन बंद पडलं. हे काय बोलून बसले मी! म्हाताऱ्या माणसाला, वर्षभर झुरलेल्या माणसाला! मी माफी मागायला तोंड उघडलं, तर मामांनी पंजा वर करून मला थांबवलं. ते माझ्याकडे वळले. नीट, समोरासमोर.

"परत म्हण," ते म्हणाले.

"मामा, मी रागात..."

"परत म्हण, पोरी."

मला आता रडू येत होतं. मी म्हणाले, "तुमची चूक होती, मामा. बोट गेलं माझं."

मामांनी डोळे मिटून घेतले. मिशीवरून पाणी ओघळलं, ते त्यांनी पुसलं नाही. मग सावकाश म्हणाले, "वरीस झालं. सगळं गाव म्हणून राह्यलं, हवालदार तुमची चूक न्हाई, तुमची चूक न्हाई. तू बी तेच. मंग माफी मागू कुणाला? चूकच न्हाई म्हणल्यावर माफी कशाची मागायची? तोंडच बंद केल्तं तुमी समद्यांनी माजं." त्यांनी कोटाची बटणं सारखी केली, साहेबापुढे उभं राहताना करावीत तशी. "सुमन, चुकलं माजं. लई चुकलं. माफ कर."

माझं नाव त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. मी म्हणाले, "केलं माफ, मामा." बोलताना मला जाणवलं की मी खरंच माफ करते आहे. म्हणजे तोवर केलं नव्हतं. चूक नाही, चूक नाही म्हणत मी मोठेपणा मिरवत होते आणि हा माणूस रोज माझी भांडी घासून माफीच्या एका शब्दाची वाट बघत होता.

त्यांनी चावी फिरवली. पहिला, दुसरा, तिसरा. मग टॉप. दांडी हू की चू न करता गेली. वारा एकदम तोंडावर आला आणि माझी नवी साडी फडफडायला लागली. सायकलवाला मागे पडला, तेव्हा मामांनी त्याच्याकडे बघितलंही नाही. ते माझ्यावर खेकसत होते. आयुष्यात पहिल्यांदा, थेट माझ्या नावाने.

"सुमन, एवढं एक वाक्य बोलायला वरीस लागलं तुला? एरवी तर तोंड मिटत न्हाई तुजं!"

खरं होतं ते. पुढे मामा पुष्कळ वर्षं जगले, माझ्या मुलांना त्यांनी खांद्यावर घेऊन वाढवलं, आणि आता त्यांना जाऊनही जमाना झाला. पण त्या वर्षाची ती भांडी, ते लोंबते सदरे, पहिल्या शिलाशी बंद पडणारा तो आवाज अजून मला मधूनच आठवतो आणि जेवणावरून उठवतो. त्या दिवशी गाडीतही ते सगळं डोळ्यांसमोर आलं. मी म्हणाले, "चुकलं मामा माझं."

मला वाटलं, आता म्हणतील, न्हाई गं पोरी, तुझी काय चूक.

मामा रस्त्याकडे बघत म्हणाले, "चुकलंच."

आणि मला इतकं हलकं वाटलं की मी मोठ्याने हसायलाच लागले.